ऑपरेशन सांगितलं? पैशांच्या आधी कागद जमवा

डॉक्टरांनी 'ऑपरेशन करावं लागेल' म्हटलं की घरातला कर्ता माणूस त्याच संध्याकाळी पैसे उभे करायला बाहेर पडतो. पतसंस्था, सावकार, बायकोची पोत, मेहुण्याकडून उसनवारी. आजाऱ्यापाशी बसायला म्हातारी आई उरते. मी सरकारी रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवा अधीक्षक होते. वॉर्डात सगळे 'समाजसेवा मॅडम' म्हणायचे. निवृत्त झाले तरी ओळखीपाळखीतून फोन येतात, आणि बहुतेक वेळा डिपॉझिट भरून झाल्यावर येतात. तेव्हा हातात फारसं काही राहिलेलं नसतं. म्हणून महाराष्ट्रातल्या कुटुंबांसाठी हे क्रमाने लिहिते आहे. दुसऱ्या राज्यात नियम वेगळे असतात.

सोयी वाढल्या आहेत, हे आधी मान्य करायला हवं. २००५ मध्ये ग्रामीण आरोग्य अभियान आलं आणि गावागावांत आशा ताई दिसू लागल्या. २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढे राज्यभर पसरली, आणि २०१७ मध्ये तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं. २०१४ पासून १०८ ची गाडी डॉक्टरसह दारात येऊ लागली. २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान भारत आली आणि नंतर दोन्ही योजना राज्यात एकत्र चालू लागल्या. देशभरात आरोग्यावर होणाऱ्या एकूण खर्चातला लोकांनी स्वतःच्या खिशातून केलेला वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला, असं राष्ट्रीय आरोग्य लेखे सांगतात. तरीही हा वाटा मोठाच आहे, आणि तो सगळ्या घरांवर सारखा पडत नाही. ज्या घराला योजना माहीत नाही, किंवा माहीत असून वेळेवर पोचता आलं नाही, त्या घरावर तो एकदम कोसळतो.

आजार नसताना करायचं काम

हे वाचून आजच उठा आणि घरातलं रेशनकार्ड काढा. प्रत्येकाच्या आधार कार्डावरचं नाव आणि रेशनकार्डावरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतं का ते पाहा. रुग्णालयात सगळ्यात जास्त अडकतात ती माणसं इथे. लग्न झालेल्या मुलीचं नाव अजून माहेरच्या कार्डावर असतं आणि आधारवर सासरचं आडनाव असतं. 'दगडू' एका कागदावर, 'दगडूबा' दुसऱ्यावर. आजोबांचं जन्मवर्ष दोन ठिकाणी दोन. ही दुरुस्ती तहसीलच्या पुरवठा शाखेत आणि आधार केंद्रात शांतपणे करता येते. आयसीयूच्या दाराशी उभं राहून करता येत नाही.

२८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने महात्मा फुले योजना राज्यातल्या सगळ्या कुटुंबांसाठी खुली केली. पिवळं, केशरी, पांढरं, कोणतंही रेशनकार्ड असू दे. कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या मोफत उपचारांचं संरक्षण आहे. 'आमचं पांढरं कार्ड आहे, आम्हाला काही मिळत नाही' असं लोक अजूनही म्हणतात. ती गोष्ट जुनी झाली.

आयुष्मान कार्ड काढून ठेवा. आपले सरकार सेवा केंद्रावर निघतं, आशा ताईही मदत करतात. आणि एक घोळ नीट समजून घ्या: 'आभा' कार्ड वेगळं आणि आयुष्मान कार्ड वेगळं. आभा हा तुमच्या आरोग्याच्या नोंदींचा क्रमांक आहे, त्यातून उपचाराचा एक रुपयाही मिळत नाही. आभाचा कागद लॅमिनेट करून, निर्धास्त होऊन शहरात आलेले नातेवाईक मी पाहिलेत. काउंटरवर त्यांचा चेहरा उतरतो ते बघवत नाही. घरात सत्तर वर्षांवरचं कोणी असेल तर त्यांचं 'आयुष्मान वय वंदना' कार्ड काढा. ऑक्टोबर २०२४ पासून ते मिळतं, त्याला उत्पन्नाची अट नाही.

शिवाय तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला चालू ठेवा. त्याची मुदत संपते, आणि गरज नेमकी तेव्हाच पडते. तो कुठे लागतो ते पुढे येईलच. सगळ्याच्या तीन-तीन झेरॉक्स, सगळ्यांचे पासपोर्ट फोटो, एका प्लॅस्टिकच्या पिशवीत. पिशवी कुठे आहे हे घरातल्या बाईला आणि शेजाऱ्याला, दोघांनाही माहीत असू द्या.

पहिला दिवस: कुठे जायचं

छातीत दुखतंय, अपघात झालाय, साप चावलाय, बाळंतपणात रक्त जातंय, अशा वेळी १०८. गरोदर बाई किंवा तान्ह्या बाळाला न्यायला १०२ ची गाडीही आहे. गाडी येईपर्यंत पत्ता सांगणारा माणूस रस्त्यावर उभा करा. साप चावला असेल तर देवऋषी किंवा मांत्रिकाच्या नादात तास घालवू नका. प्रतिसर्पविष प्राथमिक आरोग्य केंद्रातही ठेवलेलं असतं.

अपघातातल्या माणसाला 'पोलीस केस आहे, आधी पोलीस येऊ द्या' म्हणून कोणत्याही दवाखान्याने थांबवणं बेकायदेशीर आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच हे स्पष्ट केलंय: आधी जीव, मग पंचनामा. रस्ते अपघातातल्या जखमींसाठी योजनेत १ लाख रुपयांपर्यंतची तरतूद आहे.

तातडी नसेल तर सरकारी पायऱ्या वापरा. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, मग जिल्हा रुग्णालय, म्हणजे आपलं 'सिव्हिल'. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या या सगळ्या ठिकाणी केसपेपर, तपासण्या आणि उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं दुसऱ्या विभागाकडे आहेत, तिथे फी लागू शकते. ती आधी विचारून घ्या.

लोक या पायऱ्या चुकवून थेट मोठ्या शहरात जातात. त्याचं कारणही मला ठाऊक आहे. ग्रामीण रुग्णालयात शल्यचिकित्सक, स्त्रीरोगतज्ज्ञ, फिजिशियन आणि बालरोगतज्ज्ञ हे चौघं असायला हवेत. २०२१-२२ च्या ग्रामीण आरोग्य आकडेवारीनुसार देशभरातल्या अशा रुग्णालयांत गरजेच्या मानाने या तज्ज्ञांची जवळपास ८० टक्के कमतरता होती. इमारत नवी, खाटा नव्या, ऑपरेशन थिएटरला कुलूप, हे चित्र खोटं नाही, आणि त्याबद्दल मला मनापासून राग आहे. तरी खालच्या पायरीवर जाऊन या, कारण तिथून मिळणारी संदर्भ चिठ्ठी पुढे फार उपयोगी पडते. तिच्यावर निदान असतं, तारीख असते, सही-शिक्का असतो. वरच्या डॉक्टरला सगळं पहिल्यापासून शोधावं लागत नाही. 'रेफर' हा शब्द तोंडी ऐकून निघू नका. 'चिठ्ठी लिहून द्या' असं म्हणा, आणि तिथेच उभे राहा.

आरोग्यमित्राचं टेबल

आता सगळ्यात महत्त्वाचं. महात्मा फुले योजनेत जे रुग्णालय आहे, सरकारी असो वा खाजगी, तिथे आरोग्यमित्र नावाचा माणूस असतो. दाराजवळ, सहसा फलकाखाली, त्याचं टेबल असतं. कॅश काउंटरवर जाण्याआधी या टेबलावर जा. हा क्रम उलटा झाला की कुटुंबाचं नुकसान होतं. योजना कॅशलेस आहे. तुम्ही खिशातून भरलेले पैसे नंतर योजनेतून परत मिळत नाहीत.

एका शेतमजुराच्या मुलाचा मला रात्री फोन आला होता. वडिलांच्या हृदयात ब्लॉकेज, खाजगी रुग्णालयात अँजिओप्लास्टी झालेली, बैलजोडी विकून पैसे भरलेले. ते रुग्णालय योजनेत होतं. दाखल करताना काउंटरवर कोणी सांगितलं नाही आणि मुलाने विचारलं नाही. विचारायचं असतं हे त्याला कुठून कळणार? दोन मजले खाली आरोग्यमित्र बसत होता. बैल परत आले नाहीत.

म्हणून निघण्यापूर्वीच १५५३८८ किंवा १८००२३३२२०० या मोफत क्रमांकावर फोन करून दोन गोष्टी विचारा. पहिली: हे रुग्णालय योजनेत आहे का? दुसरी, आणि ही फार थोडे लोक विचारतात: या आजारासाठी आहे का? एखादं रुग्णालय हाडांच्या ऑपरेशनसाठी योजनेत असतं, पण हृदयासाठी नसतं. बाहेर फलक मोठा असतो, आत गेल्यावर कळतं की तुमचं काम त्यात बसत नाही. काही उपचार तर फक्त सरकारी रुग्णालयांसाठीच राखीव आहेत. ते खाजगीत योजनेतून होणारच नाहीत, तिथे हुज्जत घालण्यात वेळ जातो. मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी स्वतंत्र मर्यादा आहे, साडेचार लाखांपर्यंत.

टेबलावर गेलात की आरोग्यमित्र रेशनकार्ड आणि ओळखपत्र बघून नोंदणी करतो. मग डॉक्टर तपासतात, तपासण्या होतात आणि मंजुरीसाठी ऑनलाइन फाईल जाते. याला सगळे 'प्री-ऑथ' म्हणतात. वरून शंका आली तर 'क्वेरी आली' म्हणतात. हे दोन शब्द लक्षात ठेवा, कारण पुढचे सगळे संवाद यांच्यावरच चालतात. सकाळी आणि संध्याकाळी जाऊन नम्रपणे विचारा: "दादा, आमची फाईल गेली का? क्वेरी आली असेल तर कोणता कागद कमी पडतोय?" बऱ्याच वेळा एखादा रिपोर्ट किंवा फोटो अडकलेला असतो आणि कोणीच नातेवाइकाला सांगत नाही. फाईल पडून राहते, रोगी कॉटवर पडून राहतो, आणि घरचे समजतात की 'योजनेत उशीर होतो'.

तातडीच्या आजारात मंजुरीची वाट बघत थांबावं लागत नाही. फोनवरून सूचना देऊन उपचार सुरू करता येतात आणि कागद मागाहून देता येतात. आरोग्यमित्राला स्पष्ट सांगा: "इमर्जन्सी आहे, फोनवरून कळवा." बाळाचं नाव अजून रेशनकार्डावर चढलेलं नसेल तर जन्माचा दाखला आणि आईवडिलांचं कार्ड घेऊन जा, नाव नाही म्हणून तान्ह्याला परत आणू नका.

मंजूर पॅकेजमध्ये काय येतं तेही माहीत हवं: खाट, तपासण्या, औषधं, ऑपरेशन, स्टेंट किंवा रॉड यांसारखं आत बसवायचं साहित्य, रुग्णाचं जेवण आणि घरी जाण्याचं एसटीचं भाडं. मंजुरीनंतर 'हे औषध बाहेरून आणा', 'चांगला स्टेंट हवा असेल तर वरचे भरा' असं कोणी म्हटलं तर लगेच पैसे काढू नका. "तुम्ही हे कागदावर लिहून द्या, आम्ही आरोग्यमित्राला दाखवतो," एवढंच बोला. आवाज चढवायची गरज नाही. लिहून द्यायची वेळ आली की पुष्कळ मागण्या मागे घेतल्या जातात. तरी पैसे मागितले तर तिथूनच वरच्या मोफत क्रमांकावर तक्रार करा आणि तक्रारीचा नंबर लिहून घ्या. रोगी अजून दाखल असताना केलेल्या तक्रारीला वजन असतं.

खाजगी रुग्णालयं योजना का टाळतात, याचा न्यायाने विचार केला पाहिजे. पॅकेजचे दर त्यांना कमी वाटतात, आणि बिलांचे पैसे उशिरा येतात ही त्यांची तक्रार बऱ्याच अंशी खरी आहे. छोटी रुग्णालयं त्यात खरोखर अडचणीत येतात. पण तो हिशोब सरकार आणि रुग्णालय यांच्यातला आहे. दाखल झालेल्या माणसाकडून तो वसूल करण्याचा हक्क कोणालाही नाही.

योजनेत बसत नसेल तर धर्मादाय खाट

योजनेच्या यादीत आजार नसला की बरेच जण तिथेच हात टेकतात. तसं करू नका. राज्यातली कित्येक मोठी, नावाजलेली रुग्णालयं सार्वजनिक विश्वस्त संस्थांची आहेत. कमी दरात जमीन, करात सूट अशा सवलती त्यांना मिळालेल्या असतात. त्याबदल्यात महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० आणि मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या योजनेप्रमाणे १ सप्टेंबर २००६ पासून त्यांच्यावर बंधन आहे: १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत, आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात, सर्वसाधारणपणे निम्म्या. बिलांच्या २ टक्के रक्कम 'निर्धन रुग्ण निधी'त वेगळी ठेवायची असते. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल. वर उत्पन्नाचा दाखला चालू ठेवा म्हटलं ते यासाठी.

अशा रुग्णालयात रिसेप्शनवर 'चॅरिटी बेड आहे का' एवढंच विचारलंत तर 'नाही' हे उत्तर ठरलेलं असतं. सरळ वैद्यकीय समाजसेवकाकडे जा. या रुग्णालयांत ते पद असतंच. सोबत लेखी अर्ज न्या, साध्या कागदावर चालतो: रुग्णाचं नाव, आजार, उत्पन्न, 'धर्मादाय योजनेखाली निर्धन रुग्ण म्हणून दाखल करून घ्यावे' ही विनंती, दाखल्याची आणि रेशनकार्डाची प्रत. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. खाटा शिल्लक नाहीत म्हणाले तर धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर रुग्णालयनिहाय खाटांची माहिती असते. ती मोबाईलवर उघडून त्यांच्यासमोर ठेवा. तरी जमलं नाही तर जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात तीच पोच घेऊन जा. पोच नसेल तर तिथले लोकही काही करू शकत नाहीत.

आणीबाणीत मात्र एवढं सगळं लागत नाही. धर्मादाय रुग्णालयाने तातडीच्या रुग्णाला डिपॉझिट न मागता दाखल करून, जीव वाचवण्याचे उपचार करून त्याची प्रकृती स्थिर करायची असते. कागद नंतर.

हे काम मी त्या टेबलाच्या आतल्या बाजूनेही पाहिलंय. सरकारी समाजसेवकाच्या एका टेबलावर वॉर्डावॉर्डांतली माणसं रांगेत असतात, आणि खाजगी धर्मादाय रुग्णालयातल्या समाजसेवकावर व्यवस्थापनाचं दडपण असतं. म्हणून तुमचा अर्ज जितका स्वच्छ, कागद जितके पूर्ण, तितकं त्या माणसाला तुमच्या बाजूने उभं राहणं सोपं जातं. त्याच्यावर ओरडणारा नातेवाईक मी समजू शकते. पण मदत त्या समाजसेवकाच्याच सहीने होणार असते.

बाळंतपण, मुलं, टीबी, डायलिसिस

यांच्या वाटा आधीच बऱ्यापैकी मोकळ्या आहेत, म्हणून थोडक्यात. सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण, सिझेरियनसुद्धा, २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात पूर्ण मोफत आहे: औषधं, रक्त, जेवण, जाण्यायेण्याची गाडी. अंगणवाडीत आणि शाळेत येणाऱ्या तपासणी पथकाला मूल जरूर दाखवा. हृदयाला छिद्र, दुभंगलेला ओठ, वाकडी पावलं असं काही सापडलं तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून उपचार मोफत होतात. टीबीची औषधं मोफत, आणि उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी महिन्याला १,००० रुपये बँक खात्यात येतात. नोव्हेंबर २०२४ च्या आधी ते ५०० होते. डायलिसिससाठी खाजगी केंद्र ठरवण्यापूर्वी सिव्हिलमध्ये चौकशी करा.

घरी जाताना

डिस्चार्जच्या दिवशी सगळ्यांना घाई असते. तरी डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनच्या नोंदी, रिपोर्ट, एक्स-रे, स्टेंट बसवला असेल तर त्याचं स्टिकर, हे घेतल्याशिवाय निघू नका. नंतर मागितलेत तर लेखी अर्जानंतर ७२ तासांत उपचारांच्या नोंदी देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. खाजगी रुग्णालयाने पैशांसाठी मृतदेह अडवणं राज्याच्या २०२१ च्या शुश्रूषागृह नियमांनुसार चालत नाही. हे लिहिताना हात जड होतो, पण ज्यांच्यावर ती वेळ येते त्यांना तेव्हा हे सांगणारं जवळ कोणी नसतं.

डिस्चार्ज कार्डवर पुढच्या तपासणीची तारीख आणि गोळ्यांची नावं नीट वाचता येतील अशी लिहून घ्या. अँजिओप्लास्टीनंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या मध्येच बंद केल्या तर स्टेंट पुन्हा बंद होऊ शकतो, आणि घरी गेल्यावर 'आता बरं वाटतंय' म्हणून त्या पहिल्यांदा सुटतात. गावातलं उपकेंद्र, ज्यावर हल्ली 'आयुष्मान आरोग्य मंदिर' अशी पाटी आहे, तिथे रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्या मोफत मिळतात. बाकीच्या गोळ्यांसाठी जनऔषधी दुकानात त्याच घटकाच्या स्वस्त गोळ्या आहेत का ते विचारा. कार्ड घेऊन आशा ताईंना भेटा, त्यांच्या वहीत नाव लिहायला सांगा आणि गोळ्यांची शेवटची पट्टी उघडली की त्याच आठवड्यात नव्या आणायला जा.